सर्वानुमते

"भाऊसाहेब, माळावर चुन्याची फक्की कुनी मारली?"

म्हाकूआप्पा कोळेकर ग्रामपंचायतीच्या दारात उभे होते. वहाणा बाहेर काढलेल्या, खांद्यावर घोंगडी. मेंढरं रस्त्यापलीकडे सुनेच्या ताब्यात. माझ्या दीड वर्षाच्या नोकरीत हा माणूस कचेरीत पहिल्यांदाच येत होता. ग्रामसेवकाकडे येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. दाखला, नळ, घरकुल. म्हाकूआप्पांना कधी काही नकोच असायचं.

"मीच मारायला लावली," मी जरा ऐटीतच म्हणालो. "दीडशे एकर गायरान आहे, आप्पा. सगळ्यावर झाडं लावायचीत. उन्हाळ्यात चर आणि खड्डे, पावसाळ्यात रोपं. पाच वर्षांनी बघा, तुमची मेंढरं सावलीला बसतील."

"आनि खातील काय? सावली?"

मी हसलो. ते हसले नाहीत. घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत त्यांनी विचारलं, "तुमी माळ बघितलाय का?"

"रोज बघतो की. खिडकीतून दिसतो."

"खिडकीतनं न्हवं. उद्या दिवस उगवायला या. एकटंच या."

या गोष्टीला आता तेवीस वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि मूळचा चिपळूणकडचा. जिथे कुंपणाची काठी रोवली तरी तिला पालवी फुटते, अशा मुलखातून उचलून सरकारने मला माणदेशातल्या हिवरदऱ्याला आणून टाकलं होतं. गावामागचा तो उघडा माळ पहिल्या दिवशी पाहिला तेव्हा मला खरोखर रडू आलं होतं. नोकरी लागली त्याच वर्षी आई गेली. घराला कुलूप लागलं. इतर ग्रामसेवक तालुक्याला राहून जाऊन-येऊन करत. मला जायला कुठे नव्हतं, म्हणून कचेरीच्या मागच्या खोलीत मी एकटा राहायचो. संध्याकाळी स्टोव्हवर भात टाकायचा, रेडिओ लावायचा, आणि निवेदिकेला मनातल्या मनात उत्तरं द्यायची. माणूस एकटा पडला की असा हास्यास्पद होतो.

झाडांच्या योजनेने माझं ते एकटेपण संपवलं. सरपंच आनंदराव काटकर म्हणजे निवृत्त शिक्षक. धुवट पायजमा, चष्म्याला दोरी, आणि गाव हिरवं करायचं वेड. एका संस्थेने रोपं आणि यंत्रं द्यायचं कबूल केलं होतं. प्रस्ताव मी लिहिला. तो लिहिण्याच्या निमित्ताने आनंदरावांच्या घरी माझं जाणं सुरू झालं. प्रस्ताव संपला तरी जाणं संपलं नाही. सोमवारी आणि गुरुवारी माझं ताट तिथेच असायचं. काकू भाकरी वाढताना म्हणायच्या, "आपल्या भाऊसाहेबांना तूप वाढा गं." त्या 'आपल्या'साठी मी आणखी दहा प्रस्ताव लिहिले असते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी माळावर गेलो. गवत गुडघ्याएवढं, वाळून पिवळं झालेलं. पँटला कुसळं टोचत होती. मी कुरकुरलो तसं म्हाकूआप्पा म्हणाले, "कुसळं काढत बसू नका. बगा तेवढं."

सुरुवातीला मला काहीच दिसलं नाही. मग ते बोट दाखवत गेले आणि मी बघत गेलो. पायाजवळून मातीच्याच रंगाचा पक्षी तुरुतुरु पळाला, थांबला, परत पळाला. ओंजळीएवढ्या खळग्यात दोन अंडी होती. ती दाखवल्यावरही मला खडेच वाटली. लांब तरवडाच्या झुडपांपाशी चार चिंकारा मान वर करून आमच्याकडे बघत होते. दीड वर्ष मी ज्याला ओसाड म्हणत होतो, तिथे माझ्याहून जास्त वस्ती होती.

एका ओघळीच्या काठावर त्यांनी मला पालथं झोपायला लावलं. समोरच्या दरडीत एक बीळ होतं. आम्ही बराच वेळ तसेच पडून होतो. मग पलीकडच्या चढावरून लांडगी आली. मी लांडगा कधी पाहिला नव्हता. वाटलं होतं त्यापेक्षा ती फारच हडकुळी होती. बिळापाशी येऊन तिने कूं केलं, आणि आतून धडपडत पिल्लं बाहेर आली. एक, दोन, तीन. चौथं सगळ्यात मागून, अडखळत. ती आईच्या तोंडाला झोंबायला लागली.

"ह्या वर्साला माझी दोन कोकरं न्हेल्याती हिनं," म्हाकूआप्पा हलक्या आवाजात म्हणाले.

"आणि तुम्ही हिला मारलं नाही?"

"वाटेकऱ्याला कुनी मारतं का? भांडतो. कुत्री सोडतो, धोंडं मारतो. पन बिळाला धूर करायचा न्हाय. माझ्या आज्यानं केला न्हाय, बानं केला न्हाय."

"झाडं लावली तर काय होईल?"

"गवात जाईल. गवात गेलं की ससं जात्याली, हरनं जात्याली. मग ही कुठं जाईल? माझ्याच मेंढरांच्या वाड्यावर ईल. आता वर्साला दोन न्हेती, मग दिवसाआड ईल." त्यांनी बिळाकडे बघितलं. "मग मला बी हिला मारावं लागंल, भाऊसाहेब. ह्या वयात ते काम माझ्या हातनं नगा करून घिऊ."

पुस्तकात वाचलेलं एकही वाक्य या म्हाताऱ्यापुढे टिकणारं नव्हतं. आणि मग मी जे बोललो, ते मनापासून बोललो, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

"आप्पा, सव्वीस जानेवारीला ग्रामसभा आहे. तिथे हा ठराव येणार. गावातला कुणीही उभा राहून बोलू शकतो. तुम्ही बोला. जे बोलाल ते वहीत लिहावं लागतं, कायदाच आहे तसा. आणि एकदा लिहिलं गेलं की वरच्या साहेबांनाही ते वाचावं लागतं."

"लिवतं कोन?"

"मी."

"मग झालं तर," म्हाकूआप्पा म्हणाले आणि उठून त्यांनी धोतर झटकलं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ग्रामसभेचे ठराव सभेत लिहिले जातात असं लोकांना वाटतं. आम्ही ते आदल्या दिवशीच लिहून ठेवायचो. विषय, सूचक, अनुमोदक, आणि शेवटी ठरलेली ओळ, 'सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' लग्न आधी आणि मुलगी बघण्याचा कार्यक्रम नंतर, असा तो सगळा मामला. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे, कारण सभेत कुणी बोलतच नसे. पंचवीस जानेवारीच्या दुपारी मीही सवयीने तसाच ठराव लिहिला. शेवटच्या ओळीपाशी पेन थांबलं. म्हाकूआप्पा खरंच उभे राहतील असं काही मला वाटत नव्हतं. मी ओळ पुरी केली.

झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात सभा भरली. आनंदराव फार चांगलं बोलले. म्हणाले, "आमच्या चार पिढ्यांनी टँकरची वाट बघितली. आमच्या पोरांनी सावलीची वाट बघू नये." टाळ्या पडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? मग त्यांनी विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" हे ते नेहमी विचारत आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या विषयाला लागत.

"मला बोलायचंय," मागून आवाज आला.

म्हाकूआप्पा उभे राहिले. फेटा नीट बांधला होता, घोंगडी आणली नव्हती. माळावर कोण कोण राहतं ते त्यांनी सांगितलं. गवत म्हणजे पडीक नव्हे, झाडं लावायचीच तर ओढ्याकाठी लावा, घरापुढं लावा, माळ तेवढा सोडा, असं म्हणाले. लांडगीचं नाव निघालं तसा हशा उसळला.

"लांडग्याचा वकील आला बघा!" कुणीतरी ओरडलं.

"आप्पा, कोकरं न्हेल्याची पावती दिली का न्हाय तिनं?"

म्हाकूआप्पा हसणं थांबेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "मी अडानी मानूस. माझं खोटं वाटंल. पन भाऊसाहेबांनी डोळ्यांनी बघितलंय. त्यांना इचारा."

सगळं पटांगण माझ्याकडे वळलं. आनंदरावांनी चष्मा वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उत्सुकताच होती. "काय हो भाऊसाहेब? बघितलंत तुम्ही?"

एवढंच बोलायचं होतं की हो, बघितलं, चार पिल्लं आहेत, आप्पा म्हणतात ते खरं आहे, आपण परत विचार करू. आनंदराव चिडले असते असंही नाही. पण मला तेव्हा दिसत होतं ते सोमवारचं आणि गुरुवारचं ताट. हा प्रस्ताव माझाच होता. तोच मी मोडायला निघालो, तर या गावात मी पुन्हा मागच्या खोलीतला माणूस होणार होतो. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. शोधून बघितलं, सापडलं नाही.

"माळावर जनावरं असतात थोडीफार," मी म्हणालो. "पण योजना सगळ्यांच्या हिताची आहे."

पुन्हा टाळ्या. आनंदरावांनी मान डोलावली. म्हाकूआप्पा अजून उभेच होते. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बरं. माझं लिवा तेवढं." आणि बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही उघडून बसलो होतो. ठरावाखाली जागा नव्हती, दोन ओळी सोडून लगेच सह्या सुरू झाल्या होत्या. आमच्याकडे ठरावाच्या खालीच हजर लोकांच्या सह्या घ्यायची पद्धत होती. वेगळ्या कागदावर हरकत लिहून जोडता आली असती. पण मग वर लिहिलेलं 'सर्वानुमते' खोडावं लागलं असतं, खाडाखोडीवर सरपंचांची सही घ्यावी लागली असती, आणि सही घेताना त्यांच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं. मी हा सगळा हिशेब करत होतो तोच म्हाकूआप्पा आले.

"लिवलं का?"

"लिहिलं," मी म्हणालो.

हा शब्द तोंडातून किती सहज गेला, त्याचंच मला नंतर नवल वाटत राहिलं.

"मंग माझा अंगठा ऱ्हायला की."

मी शाईची गादी पुढे केली. त्यांनी अंगठा धोतराला पुसला, गादीवर दाबला, आणि ठरावाखाली सोडलेल्या दोन ओळींत, मी दाखवलेल्या जागी उमटवला. भेगांमुळे मधे पांढऱ्या रेषा राहिल्या. मग ते वहीवर वाकले.

"ह्यातली माझी वळ कंची?"

मी बोट ठेवलं. कुठेतरी ठेवायलाच हवं होतं, आणि अंगठ्याच्या वर सगळ्यात जवळ होती ती शेवटची ओळ. त्यावर ठेवलं. म्हाकूआप्पांनी वर्षानुवर्षं मेंढरं ओळखलेली. एकदा बघितलेली खूण ते विसरत नसत. त्यांनी ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने नीट बघून घेतली.

"एवढ्यात मावलं व्हय समदं?" त्यांनी विचारलं.

"सरकारी भाषा आहे आप्पा. थोडक्यात लिहितात."

"शाना हायेस," ते म्हणाले. पहिल्यांदाच ते माझ्याशी एकेरीत बोलले होते. जाताना दारातून वळून म्हणाले, "एकला जेवतोस म्हनं. ये कवातरी वाड्यावर."

मी गेलो नाही.

फेब्रुवारीत यंत्र आलं. पहिला चर मी लांबूनच पाहिला. आठ दिवसांत साठ एकर उभे-आडवे चिरले गेले. ओघळीच्या काठची दरड ढासळली. आत किती होती आणि किती निसटली, कुणी बघितलं नाही. यंत्रवाला म्हणाला, काहीतरी पळालं खरं. त्यानंतर तीन दिवस, दिवस मावळला की माळाकडून ती ओरडायची. माझ्या खोलीत स्पष्ट ऐकू यायचं. मी रेडिओचा आवाज वाढवायचो. गुरुवारी काकूंनी तूप वाढलं, मला जेवण गेलं नाही. आनंदरावांनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, "ऊन लागलं."

म्हाकूआप्पांनी कुणाशीच वाद घातला नाही. एका सकाळी मेंढरं सुनेवर टाकून ते एकवीस किलोमीटर चालत तालुक्याला गेले, आणि वनखात्याच्या कचेरीत जाऊन सांगितलं, "आमच्या माळाची चौकशी करा. मी सभेत बोललोय. वहीत लिवलंय." अशा तोंडी तक्रारीची कुणी दखल घेत नाही. पण सभेच्या वहीत हरकत नोंदलेली आहे म्हटल्यावर तिथल्या साहेबांनी कान टवकारले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते स्वतः जीप घेऊन हिवरदऱ्याला आले.

कचेरीत आनंदराव होते, चार सदस्य होते, दारात दहा-बारा गावकरी. मी टेबलाच्या बाजूला उभा. माळावर फिरून आल्यामुळे साहेबांच्या पँटला कुसळं होती.

"कोळेकर, तुम्ही म्हणालात हरकत नोंदवली आहे."

"व्हय सायेब."

"ग्रामसेवक, वही."

मी वही दिली. साहेब पानं उलटू लागले तसे म्हाकूआप्पा पुढे झाले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण स्वतःचा अंगठा त्यांनी बरोबर ओळखला. मग त्याच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. अगदी तिथेच.

"ही बगा माझी वळ."

साहेबांनी मोठ्याने वाचलं. "सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला."

"म्हंजे?" म्हाकूआप्पांनी विचारलं.

"म्हणजे सगळ्यांनी होकार दिला. तुम्हीसुद्धा. खाली तुमचा अंगठा आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते वहीकडेच बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "असं लिवलंय व्हय? मग मी बोललो नसंन सायेब. वय झालं. मनातल्या मनातच बोललो असंन."

हे ऐकून मला राहवलं नाही. अंगात कुठली हिंमत आली म्हणून नव्हे. माझं पाप झाकायला तो म्हातारा स्वतःला खुळा म्हणवून घेत होता, ते सोसवेना.

"ते बोलले होते," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर बोलले. मी लिहिलं नाही. त्यांना लिहिलं म्हणून सांगितलं आणि अंगठा घेतला."

आनंदरावांनी चष्मा काढला. त्यांच्या नजरेतला तो धक्का मी विसरलेलो नाही. पुढे माझी खात्याकडून चौकशी झाली, बदलीही झाली. पण गावात माझं ताट बंद झालं ते त्या दुपारपासून. सोमवार आले, गुरुवार आले, मला कुणी बोलावलं नाही. ज्या भीतीने मी गप्प बसलो होतो, ती शेवटी खरी झालीच. फक्त मधल्या काळात एक दरड ढासळून गेली होती.

साहेबांनी कोरा कागद काढला. "कोळेकर, आता बोला. मी स्वतः लिहितो."

म्हाकूआप्पा बोलले. पटांगणात बोलले होते तेच, पण आता तुटक. एक वाक्य झालं की थांबायचे. "हे लिवलं?" "लिहिलं." "वाचा." साहेब वाचायचे, मग पुढचं वाक्य. यावेळी कुणी हसलं नाही. पान भरलं, दुसरं निम्मं झालं. या जबाबावरून उरलेले नव्वद एकर तसेच सोडले गेले, आणि झाडं ओढ्याकाठी लागली. मला ते दुसऱ्या गावात असताना वर्तमानपत्रातून कळलं. लांडगी परत आली का, हे विचारायला हिवरदऱ्यात माझं कुणी उरलं नव्हतं.

त्या दुपारी साहेबांनी सगळं पुन्हा एकदा वाचून दाखवलं आणि शाईची गादी सरकवली. "इथे अंगठा करा."

"थांबा सायेब. राग नगा मानू, पन आदी दुसऱ्यानं कुनीतरी वाचू दे. मला न्हाय येत, म्हून."

"बरोबर आहे तुमचं." साहेबांनी आजूबाजूला बघितलं. सगळ्यात जवळ मीच होतो. त्यांनी सवयीने कागद माझ्याकडे सरकवला. "घ्या ग्रामसेवक, वाचून दाखवा."

मी हात पुढे केला. म्हाकूआप्पांनी त्याआधीच कागदावर पंजा ठेवला.

"त्यांनी नगं."

आवाजात राग नव्हता. कोकरू नेलं म्हणून सांगतानाही ते याच आवाजात बोलले होते. सरपंच आणि सदस्य ठरावाच्याच बाजूचे, म्हणून साहेबांनी तलाठ्याला बोलवायला माणूस पाठवला. तलाठी जेवायला गेले होते, यायला अर्धा तास लागला. तोवर आम्ही सगळे तसेच थांबलो, आणि म्हाकूआप्पांनी कागदावरचा हात उचलला नाही.